सुपारी, खोका आणि कोयता

ऑगस्ट २०२२. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन चालू होतं आणि विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदार घसा फोडून ओरडत होते : 'पन्नास खोके, एकदम ओके!' जूनमध्ये शिवसेना फुटली होती, आमदार सुरत, गुवाहाटी, गोवा करून परतले होते, सरकार बदललं होतं. घोषणेतला आरोप खरा की खोटा, हा वाद ज्यांचा त्यांनी मिटवावा. माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. त्याच महिन्याच्या शेवटी पोळा आला आणि काही गावांत बैलांच्या पाठीवर झुलीच्या जागी हीच घोषणा रंगवलेली दिसली. मुंबईच्या टोळीवाल्यांचा शब्द बैलाच्या पाठीवर बसून वेशीतून गावात आला, आणि 'खोका म्हणजे काय रे भाऊ?' असं कुणी कुणाला विचारल्याचं ऐकिवात नाही.

घरात आपण 'खोकं' म्हणतो. दोन-चार असली तर 'खोकी'. 'खोका' आणि 'खोके' हे मुंबईच्या बाजारू हिंदीचं देणं. त्या बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. हिशेब तसा सरळ आहे. शंभराच्या नोटांत लाख रुपये म्हणजे दहा गड्ड्या, लहानशा पेटीत आरामात मावतात. कोटी म्हणजे हजार गड्ड्या. त्याला खोकंच लागतं. पाचशेची नोट आल्यावर पेटी बरीचशी रिकामी राहू लागली, पण शब्दाची किंमत काही उतरली नाही. खंडणीचे फोन, बांधकामाचे व्यवहार, सिनेमाला लागणारा पैसा, सगळीकडे रोखीचा आकडा तोंडानं उच्चारायचा नसे, म्हणून हे शब्द. फोनवर कुणी ऐकत असेल तर त्याला वाटावं, आंब्याच्या पेट्यांचं बोलणं चाललंय.

म्हणजे जो शब्द परक्याला कळू नये म्हणून जन्माला आला, तोच इथे सगळ्या महाराष्ट्राला कळावा म्हणून बोंबलून सांगितला जात होता. टपोरी भाषा, चोरबोली, धंद्याची बोली, काहीही म्हणा, तिच्यातल्या बहुतेक शब्दांचं आयुष्य असंच जातं. जन्म लपण्यासाठी होतो, मग मिरवण्यात उमेद जाते, आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात पोचल्यावर मूळ धनी तो शब्द टाकून नवा शोधतो. या बोलीला आपण टवाळ पोरांची, नाक्यावरची समजतो. पण तिचे बरेचसे शब्द मुळात कामाचे आहेत. पैसा, जोखीम आणि तिऱ्हाईत माणूस जिथे एका जागी आले, तिथे ते घडले.

आणि हे मुंबईनं शोधलेलं नाही. त्याच्या शेकडो वर्षं आधी मराठी दलाल-सराफांची स्वतःची आकड्यांची बोली होती. तिला नंदभाषा म्हणत. केवली म्हणजे एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. अंगुळू म्हणजे दहा, काठी म्हणजे वीस, बिटी म्हणजे शंभर. गावागावांत उच्चार थोडे बदलत. दलालाची अडचण ध्यानात घ्या. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, माल मधे पडलेला असतो, आणि भागीदाराला सांगायचं असतं की पाचापर्यंत उतर, त्याखाली नको. गिऱ्हाईकाला उठवून लावता येत नाही, कानात कुजबुजलं तर तो बिचकतो. मग गप्पांच्या ओघात 'मुळू' म्हणायचं. गिऱ्हाईक म्हणतं, असेल कुणाचं तरी नाव.

या बोलीची सगळ्यात नवलाची गोष्ट संतसाहित्यात आहे. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर. परंपरा त्यांना सराफी-सावकारी करणारे मानते. त्यांच्या नावावर एक अभंग आहे, त्यात शंकराचं वर्णन या दलाली आकड्यांनी केलं आहे. पाच तोंडं, तीन डोळे, दहा हात हे सगळं मुळू, उधानू, अंगुळू अशा शब्दांत येतं. ज्याला नंदभाषा ठाऊक नाही त्याला ते कोडं वाटावं. दुकानात गिऱ्हाईकाला चकवायला वापरलेली बोली देवासमोरही तशीच्या तशी नेणारा हा माणूस मला फार आवडतो. ज्ञानदेवांच्या काळातला एक संत बाजाराचा परवलीचा शब्द अभंगात घालतो आणि आपण आजही 'ही काय भाषा झाली?' म्हणून नाकं मुरडतो.

तोंडी बोलीची जोड म्हणजे करपल्लवी. गुरांच्या बाजारात दोन माणसं हात हातात घेऊन उभी दिसतात, वर उपरणं किंवा रुमाल टाकलेला, आत बोटांची ओढाताण. दोघांचे चेहरे कोरे. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं यावरून बैलाची किंमत चढते-उतरते, आणि बाजूला उभ्या असलेल्या मालकाला सौदा संपेपर्यंत काही कळत नाही. गोंधळी हीच विद्या करमणुकीसाठी वापरत. प्रेक्षकानं एकाच्या कानात सांगितलेलं नाव दुसरा गोंधळी लांबून, बोटांच्या किंवा डोळ्यांच्या खुणांवरून ओळखून दाखवी. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी. लोक चकित होऊन पैसे टाकत. बाजारात मात्र या कौशल्याचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जात. रुमालाखालच्या या सौद्यात शेतकरी नागवला जातो, हे इंग्रज सरकारच्याही लक्षात आलं होतं. वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी १८९७ साली कायदा झाला, मुंबई इलाख्यात कापूस बाजारांसाठी १९२७ साली, आणि स्वतंत्र महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा आला. लिलाव उघड, सगळ्यांच्या कानावर पडेल असा व्हावा, हा नियंत्रित बाजाराचा एक पायाच. एका गुप्त भाषेला हटवायला तीन पिढ्यांचे कायदेकानून लागले, आणि तरी जनावरांच्या बाजारात रुमाल अजून दिसतो.

सुपारीची गोष्ट याहून रंगीत आहे.

गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला जाऊन पाहावं. तमाशाच्या फडांच्या राहुट्या ओळीनं लागलेल्या असतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत गादी-तक्क्यावर फडाचा माणूस, समोर वही. चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या जत्रांसाठी यात्रा कमिट्यांची मंडळी जीपगाड्या भरून येतात. वगनाट्य कुठलं, कलावंत किती, तारीख कुठली, यावर घासाघीस होते. पाडव्याच्या आसपासच्या आणि मोठ्या जत्रांच्या तारखांचा भाव चढा. ठरलं की विसार देतात, आणि फडवाला म्हणतो, सुपारी मिळाली. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांच्या या गावात 'यंदा सुपाऱ्या कमी आल्या' हे वाक्य शेअर बाजार पडल्याच्या सुरात बोललं जातं. बँडवाले, वाघ्या-मुरळी, गोंधळी, ऑर्केस्ट्रा, व्याख्याते, निवेदक, सगळ्यांची भाषा हीच. नाटकवाल्यांचंही तसंच : तिकीटविक्रीच्या भरवशावर न लावता संस्थेनं ठरलेले पैसे देऊन घेतलेला प्रयोग म्हणजे सुपारीचा प्रयोग.

त्यामागचा रिवाज जुनाच आहे. आमंत्रण द्यायचं तर अक्षत-सुपारी, लग्न ठरलं की सुपारी फोडायची, देवाला कौल लावायचा तर सुपारी, बायको घरी नसेल तर पूजेला तिच्या जागी सुपारी. कामाचा पत्कर घेतला याची खूण म्हणून विडा उचलायचा. विजापूरच्या दरबारात अफझलखानानं विडा उचलल्याचा प्रसंग पोवाड्यांतून घराघरांत पोचलेला आहे. मुंबईचे गुन्हेगारीचे इतिहासकार माहीमच्या भीमराजाच्या दरबारात ठेवल्या जाणाऱ्या विड्याची कथा सांगतात आणि खुनाच्या 'सुपारी'चं मूळ तिथे नेतात. कथा झकास आहे. पण एवढ्या लांब जायचं कारण मला दिसत नाही. गिरणगावात, लालबाग-परळात, घाटावरून आलेल्या माणसांची वस्ती होती. हनुमान थिएटरला तमाशे होत होते. आगाऊ पैसे, ठरलेली तारीख, ठरलेलं काम आणि 'पत्करलं म्हणजे पत्करलं' ही जबान, एवढ्या चारही गोष्टी तमाशाच्या सुपारीत आयत्या होत्या. त्यात कामाचं स्वरूप तेवढं बदललं.

खुनाला धंद्याचा शब्द लावण्याची खोडही जुनीच. ठगांच्या बोलीचा कोश विल्यम स्लीमननं 'रामसीआना' या नावानं १८३६ साली कलकत्त्याला छापला. त्यात ज्याचा गळा आवळायचा त्या वाटसरूला ठग 'बनिज' म्हणतात, म्हणजे व्यापाराचा माल. मारेकऱ्याला स्वतःच्या कानाला बरं वाटेल असा शब्द लागतोच, मग तो ठग असो की शूटर.

नव्वदच्या दशकात मुंबईत बांधकाम व्यावसायिक, चित्रपट निर्माते, कामगार पुढारी गोळ्यांना बळी पडू लागले. ऑगस्ट १९९७ मध्ये अंधेरीला गुलशन कुमार यांचा भरदिवसा खून झाला. त्या सगळ्या काळात 'सुपारी' बातम्यांत इतकी रुळली की अवतरण चिन्हंही गळून पडली. पुढे ती आणखी स्वस्त झाली. पैसे घेऊन बातमी लावणारा तो सुपारीबाज पत्रकार, दुसऱ्याच्या सांगण्यावरून टीका करतो असा संशय ज्याच्यावर तो सुपारीबाज नेता. ऑगस्ट २०२४ मध्ये बीडला राज ठाकरे यांच्या गाड्यांच्या ताफ्यावर ठाकरे गटाच्या शिवसैनिकांनी खऱ्याखुऱ्या सुपाऱ्या फेकल्या. दुसऱ्या दिवशी ठाण्यात उद्धव ठाकरे यांच्या ताफ्यावर मनसैनिकांनी नारळ आणि शेण फेकलं. पूजेच्या ताटातून निघालेली सुपारी टोळीच्या अड्ड्यावरून फिरून पुन्हा फळाच्या रूपात रस्त्यावर येऊन पडली. नारळ सोबतीला होताच. पंचांगवाल्यांनी या आठवड्याची नोंद घ्यायला हवी होती.

गिरणगावाचा दुसरा मोठा वारसा म्हणजे मटका. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईला येत आणि त्यावर सट्टा लागे. १९६१ मध्ये ते बंद झालं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला खेळ सुरू केला. चिठ्ठ्या मडक्यातून काढायच्या म्हणून मटका. पुढे मडकं जाऊन पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा. तीन, सहा, चार आले तर बेरीज तेरा, आकडा तीन. दिवसातून दोनदा निकाल. पहिला ओपन, दुसरा क्लोज, दोन्ही मिळून जोडी. ज्या गिरणी कामगाराला न्यूयॉर्क कुठल्या दिशेला आहे हे सांगता आलं नसतं, तो कापूस बाजाराच्या उघडण्या-मिटण्याचे शब्द रोज संध्याकाळी तोंडात घोळवत होता, आणि तेही तो बाजार या खेळातून कधीच उठून गेल्यावर. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले ते बहुतेक कायमचे. गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले, पण ओपन-क्लोज आजही जिल्ह्याजिल्ह्यांतल्या टपऱ्यांवर चालू आहे आणि पोलिसांच्या छाप्याच्या बातम्यांत छापून येतं.

मटक्यातला 'आकडा लावणे' शहरात आणि बाजारगावात. शेताच्या बांधावर 'आकडा टाकणे' म्हणजे विजेच्या तारेवर हूक अडकवून फुकट मोटर चालवणे. हा आकडा अंकाचा नव्हे, वाकड्या सळईचा. महावितरणच्या प्रसिद्धिपत्रकातही 'आकडे टाकून वीजचोरी' असंच लिहिलेलं असतं, चोरांच्या बोलीतला शब्द सरकारी कागदावर जसाच्या तसा. तिसरा आकडा पुढाऱ्यांचा : 'त्याच्याकडे आकडा नाही', म्हणजे बहुमत नाही. एकाच गावातली तीन माणसं एकाच संध्याकाळी 'आकडा बघून येतो' म्हणाली, तर तिघांच्या बायकांना तीन वेगळ्या काळज्या.

बंदरावरच्या शहरात शब्दही जहाजांबरोबर उतरतात, त्यामुळे मुंबईच्या बोलीत कुठल्या शब्दाचा पासपोर्ट कुठला हे पाहत बसलं तर वेळ बरा जातो. 'खल्लास' अरबी, मूळ अर्थ सुटका, मोकळीक. गलबतावरचा खलाशीही त्याच कुळातला. 'लोचा' आणि 'वांदा' गुजराती पेढ्यांवरून आलेले. सुरतेत लोचो नावाचा चविष्ट पदार्थही मिळतो, खमणाचा बेत फसल्यासारखा मऊ आणि विस्कटलेला. २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'नं त्याला केमिकलची जोड दिली आणि शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात लोचा झाला. 'हफ्ता' फारसी, हफ्त म्हणजे सात, सात दिवसांचा तो हफ्ता. दर आठवड्याला दुकानदाराकडून वसुली व्हायची म्हणून वसुलीचंच नाव हफ्ता पडलं. बँकेच्या कर्जाचा हप्ता महिन्याचा असतो, २०२४ पासून लाडक्या बहिणींना मिळणारे पंधराशेही महिन्याचे, तरी ते 'हप्ते'च. लिहिताना प आणि फ एवढाच काय तो फरक ठेवून मराठीनं बँक आणि भाई यांच्यात सभ्यपणे भिंत घातली आहे.

'घोडा' मात्र आपला, घरचा. बंदुकीच्या ज्या भागाला मराठीत घोडा म्हणतात, तो टोळीवाल्यांनी अख्ख्या पिस्तुलाला लावला. गोळ्यांना दाणे. 'राडा' तर थेट मातीतला. घाटावर चिखलाला राड म्हणतात, आणि महापालिकेच्या नोटिशीत आजही 'राडारोडा उचलावा' असं असतं. चिखलातून हाणामारीकडे जायला राड्याला फार चालावं लागलेलं नाही.

साहित्यानं ही बोली उंबऱ्याच्या आत घेतली ती उशिरा, आणि घेतली तेव्हा आरडाओरडा झाला. भाऊ पाध्ये यांचं 'वासूनाका' १९६५ साली आलं. चाळीच्या नाक्यावरची पोरं, पोक्या आणि त्याचे दोस्त, पोरींबद्दल, पैशाबद्दल, एकमेकांबद्दल जसं बोलतात तसं पानावर उतरलं होतं. आचार्य अत्रे यांनी 'मराठा'तून त्यावर झोड उठवली. अत्रे स्वतः काही सोवळ्यातलं लिहिणारे नव्हते. त्यांची जीभ विधानसभेपासून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांपर्यंत सगळ्यांनी ऐकलेली. पण त्यांची शिवराळी वक्त्याची होती, समोरच्याला लोळवणारी, टाळी घेणारी. पाध्ये यांच्या पोरांची बोली कुणाला लोळवायला नव्हतीच. ते तसंच बोलतात आणि लेखक त्याबद्दल माफी मागत नाही, हेच झोंबलं असावं असं मला पुस्तक वाचताना वाटतं. अश्लीलतेपेक्षा त्या निर्विकारपणाचा धक्का मोठा होता.

सात वर्षांनी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर म्हणजे मुंबईचा, पत्रकारितेतला, माणसाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत शिरणारा लेखक. आणि त्यांनी मोकळेपणानं लिहिलं की कवितांतले कितीतरी शब्द आपल्याला कळले नाहीत, कवीला विचारावे लागले. मराठी साहित्यात असे प्रसंग थोडे. एरवी कळत नाही ते 'असभ्य' म्हणून बाजूला सारायची सोय असते. कामाठीपुऱ्याच्या परिसरात वाढलेल्या, टॅक्सी चालवणाऱ्या ढसाळांना ते शब्द शोधून आणावे लागले नव्हते. दादरपासून गोलपिठा लोकलच्या मोजक्या स्टेशनांवर, पण मधल्या अंतरात प्रमाण मराठीला दुभाष्या लागला.

इथवरची गोष्ट मजेची. पण या बोलीला एक दुसरं अंग आहे आणि त्याबद्दल तिचे चाहते गप्प असतात. आपल्याकडे फसवणाऱ्याला, चोराला 'भामटा' म्हणतात. 'तोतया भामटा गजाआड' असा मथळा वर्षातून कितीदा तरी छापला जातो. भामटा हे एका जमातीचं नाव आहे. महाराष्ट्र सरकारच्या विमुक्त जातींच्या यादीत राजपूत भामटा आजही आहेत, त्यांची मुलं त्या नावाचा दाखला घेऊन शाळेत जातात. कोडग्या, दांडगट माणसाला 'बेरड' म्हणतात. बेरडही जमातच, भीमराव गस्ती यांच्या आत्मकथनाचं ते शीर्षक आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिथेही पुस्तकाचं नाव म्हणजे समाजावर मारलेला शिक्का, लेखकानं तो स्वतःच्या हातानं मुखपृष्ठावर ठेवला.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना हजेऱ्या लावल्या, तारेच्या कुंपणात वसवलं. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती आणि त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. शब्दांना कुणी विमुक्त केलं नाही. जमातीच्या नावाची शिवी झाली, शिवीचं साधं नाम झालं, आणि आता ते वापरणाऱ्या उपसंपादकाला मागे माणसं उभी आहेत याची कल्पनाही नसते. मधल्या काळात यातल्या अनेक भटक्या समाजांनी आपापल्या गुप्त बोली जपल्या. पारुशी म्हणतात ती त्यांपैकी. पोलीस, पाटील, गावकरी समोर असताना आपसात बोलायची सोय. सराफाची नंदभाषा नफा लपवायला होती, ही जीव लपवायला. या बोलींकडे 'चोरांची भाषा' म्हणून बोट दाखवणारे मटक्याच्या ओपन-क्लोजला मात्र कौतुकानं मुंबईची खासियत म्हणतात, हा दुजाभाव मला खटकतो.

नवे शब्द घडवण्याचे कारखाने आता दुसरीकडे गेले आहेत. त्यातला एक इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. एखाद-दोन विषयांत नापास झालेल्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात बसू द्यायची विद्यापीठाची सवलत म्हणजे 'अलाऊड टू कीप टर्म्स', एटीकेटी. सवलतीचं नाव लवकरच आजारासारखं लागू लागलं : 'मॅथ्सला केटी लागली.' कागदावर ज्याचा अर्थ 'परवानगी आहे', त्याचा अर्थ नापास. दुसरा शब्द त्याहून सुंदर, 'जीटी मारणे'. ड्रॉइंगची शीट स्वतः न काढता काचेखाली दिवा लावायचा, वर मित्राची शीट, त्यावर आपला कोरा कागद, आणि रेघ न् रेघ उतरवून घ्यायची. ग्लास ट्रेसिंग, म्हणून जीटी. आता ड्रॉइंग संगणकावर होतं. काच गेली, दिवा गेला, पण कुणाचीही नक्कल केली की 'जीटी मारली'च.

कोल्हापूरकडचा कारखाना तर तीन पाळ्यांत चालतो. नाद खुळा, विषय हार्ड, काटा किर्र. मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंमुळे हे शब्द नागपूर-चंद्रपूरच्या पोरांच्या तोंडी गेले, आणि तिकडची पोरं ते कोल्हापुरी हेल काढून म्हणतात. त्या मातीचा शब्दांशी जुना संबंध आहे. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, कुस्ती घराघरांत नेली आणि तालमीतले धोबीपछाड, चितपट, आस्मान दाखवणे हे सगळं निवडणुकीच्या बातम्यांना जन्माचं पुरलं. निकालाच्या दिवशी मराठी वर्तमानपत्राचं पहिलं पान म्हणजे लाल मातीचा हौदा.

आणि शेवटी कोयता. बीड जिल्ह्यात मुकादम विचारतो, 'किती कोयते आहेत?' उत्तर येतं, बारा कोयते, पंधरा कोयते. एक कोयता म्हणजे ऊस तोडायला जाणारी नवरा-बायकोची जोडी. एकटाच माणूस असेल तर अर्धा कोयता. उचल, म्हणजे कारखान्याकडून मुकादमामार्फत मिळणारी आगाऊ रक्कम, कोयत्यावर ठरते. ती फिटेपर्यंत जोडी बांधलेली. दसरा-दिवाळीला बिऱ्हाडं ट्रकात, ट्रॅक्टरांत चढतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. हिशेबाच्या वहीत नवऱ्याचं नाव असतं. बायको त्या कोयत्यात धरलेली असते, वेगळी लिहिलेली नसते. लग्न लवकर लावण्याचं एक कारण हेच की अर्ध्या कोयत्याला उचल कमी.

२०२२ च्या अखेरीस पुण्यात पोरांची टोळकी हातात कोयते नाचवत फिरू लागली, गाड्या फोडू लागली, आणि 'कोयता गँग' हा शब्द नागपूरच्या अधिवेशनापर्यंत जाऊन आला. अवजार तेच, बऱ्याचदा बनवणारा लोहारही तसाच. पुण्याच्या आवृत्तीत कोयता म्हणजे दहशत, बीडच्या आवृत्तीत कोयता म्हणजे मजूर. ऊसतोड कामगारांच्या संपाचं नाव 'कोयता बंद'. ती हाक आली की कारखानदारांना घाम फुटतो, कारण गाळप थांबतं. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीचे दर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, तेही कोयता बंदचा इशारा दिल्यावर. बोलणी करायला बसलेल्यांपैकी कुणालाही कोयता म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही, आणि वाढलेल्या दरातही एका कोयत्यात माणसं दोनच धरली गेली, नाव एकाचंच.